लिंबिक संस्था: भावना, आठवण आणि सवय (शिक्षक-पालकांच्या टिपणासाठी, जाणकारांनी भर घालावी)

मार्कंडेय_काठ

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, नंदगड, जांबोटी या पट्ट्यातल्या मराठी शाळांचे शिक्षक आणि पालक यांच्यासाठी लिंबिक संस्थेवर, म्हणजे भावना आणि आठवणीशी जोडलेल्या मेंदूच्या आतल्या भागांवर, दोन तासांचं टिपण करायचं आहे. सांगाडा खाली देतो. ज्याचा ज्या भागात हात आहे त्याने तिथे भर घालावी. काय करायचं, काय टाळायचं आणि का, एवढं हवं.

व्हॉट्सॅपवर फिरणारं तीन मजली मेंदूचं चित्र टिपणात येणार नाही. तळाला सरडा, मध्ये भावनांनी चालणारं जनावर, वर शहाणा माणूस. ही मांडणी पॉल मॅक्लीन यांची. 'लिंबिक सिस्टीम' हे नावही त्यांनीच १९५२ मध्ये रूढ केलं. नाव टिकलं, मजले टिकले नाहीत. अमिग्डाला आणि हिप्पोकॅम्पस हे या संस्थेचे दोन मुख्य भाग. त्यांच्याशी नातं सांगणारे भाग सरड्यात आणि माशातही आहेत, आणि आपल्या कपाळामागचा बाह्यस्तर (कॉर्टेक्स) भावनांपासून कधीच वेगळा पडत नाही.

मॅक्लीनच्या आधी दोन नावं घ्यावी लागतात. ब्रोकांनी १८७८ मध्ये मेंदूच्या आतल्या कडेने वळलेल्या पट्ट्याचं वर्णन केलं. जेम्स पेपेझ यांनी १९३७ मध्ये एक वळसा मांडला: हिप्पोकॅम्पसमधून फॉर्निक्स नावाच्या कमानीवाटे मॅमिलरी बॉडी, तिथून थॅलॅमसचा (मेंदूच्या मधोमध असलेल्या, निरोप पुढे धाडणाऱ्या भागाचा) पुढचा भाग, मग सिंग्युलेट नावाची आतल्या कडेची वळी, आणि फिरून हिप्पोकॅम्पस. पेपेझना हा भावनेचा मार्ग वाटला. त्यांच्या पुराव्यात रेबीजही होता, कारण पिसाळलेलं कुत्रं चावून आजारी पडलेल्या माणसात भीती आणि संताप उफाळतो आणि रेबीजच्या खुणा हिप्पोकॅम्पसच्या पेशींत सापडतात. पुढे कळलं ते असं की हा वळसा मुख्यतः आठवणीचा आहे. आणि भावनेसाठी आज ज्याचं नाव सगळ्यात आधी घेतात तो अमिग्डाला त्या वळशात नव्हताच!

अमिग्डाला बदामाएवढा, कानाच्या पातळीला पण खोल आत, दोन्ही बाजूंना एकेक. त्याच्या बाहेरच्या-तळाच्या भागात माहिती येते आणि मध्यवर्ती भागातून हुकूम सुटतात: हायपोथॅलॅमसकडे गेले की छाती धडधडते, घाम येतो, कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं, मेंदूच्या देठाकडे गेले की माणूस जागीच थिजतो. रज्जुसर्पाचा दृष्टान्त इथे चपखल बसतो. दोरी की साप हे ठरायच्या आत पाय मागे आलेला असतो. पण 'अमिग्डाला म्हणजे भीतीचं केंद्र' असं टिपणात लिहिणार नाही. दोन्ही अमिग्डाला नष्ट झालेली एक रुग्ण, शोधनिबंधांत एस. एम. या अद्याक्षरांनी ओळखली जाणारी, साप-कोळ्यांना घाबरत नव्हती. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिला ३५ टक्के कार्बन डायॉक्साइड असलेली हवा हुंगायला दिली तर ती भीतीने गारठली. म्हणजे बाहेरचा धोका ओळखणं हे अमिग्डालाचं काम. शरीराच्या आतून उठणाऱ्या घाबरेपणाला त्याच्यावाचूनही वाट आहे.

हिप्पोकॅम्पससाठी एच. एम. हा रुग्ण पुरे. १९५३ मध्ये फिट थांबवण्यासाठी शस्त्रक्रियेत त्याच्या दोन्ही बाजूंचा हा भाग काढला. फिट कमी झाल्या, पण नवीन घटना मनात राहीनात. तरी आरशात बघून चांदणी गिरवायचं कौशल्य मात्र रोज सुधारत गेलं, आणि रोज त्याला वाटायचं आपण हे पहिल्यांदाच करतोय. घटना एका जागी आणि हाताची सवय दुसऱ्या जागी साठते, हे शिक्षकांना याहून सोपं करून सांगता येणार नाही.

---

आकडी_वही

टिपणात फिटचा भाग हवाच. आपल्याकडे टेम्पोरल लोबची, म्हणजे कानाजवळच्या मेंदूच्या भागातली, फिट ओळखूच येत नाही, कारण तीत माणूस पडत नाही, फेस येत नाही. पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटतं, विनाकारण भीती दाटते, 'हे आधी घडून गेलंय' असं वाटतं, कधी जळक्या रबरासारखा घाण वास येतो. मग नजर एका जागी खिळते, ओठ चाटल्यासारखे हलतात, बोटं सदऱ्याचं बटण चाळवत राहतात. अर्ध्या मिनिटापासून दोन मिनिटांपर्यंत हे चालतं, आणि नंतर काही मिनिटं माणूस गोंधळलेला. सुरुवात अमिग्डाला-हिप्पोकॅम्पसच्या भागात होते म्हणून पहिली लक्षणं भावनेची आणि आठवणीची. घरचे त्याला बाहेरची बाधा म्हणतात, शाळेत 'लक्ष नसतं' म्हणतात, आणि दवाखान्यात कधीकधी पॅनिक अटॅकचा शिक्का बसतो.

पॅनिक आणि ही फिट यांत फरक असा. पॅनिक दहाएक मिनिटांत टोकाला जातो, ओसरायला अर्धा तासही लागतो, आणि सगळं आठवतं. फिट आखूड, दर वेळी अगदी तशीच, आणि मधला तुकडा गायब.

मोबाईलवर चित्रण करा. चेहराच नको, दोन्ही हात दिसू देत. नावाने हाक मारा, एक शब्द सांगा, उदाहरणार्थ 'पेरू', आणि शुद्धीवर आल्यावर तो विचारा. डॉक्टरला या एका मिनिटातून जेवढं कळतं तेवढं घरच्यांच्या तोंडी वर्णनातून कळत नाही. घड्याळ लावा. मोठी फिट आली आणि माणूस पडला तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, तोंडात चमचा, पाणी, काही घालू नका. कांदा, चप्पल, हातात किल्ल्यांचा जुडगा, यांनी फिट थांबत नाही. ती तशीही दोन मिनिटांत थांबणार असते, श्रेय चपलेला जातं. ५ मिनिटांच्या वर गेली किंवा शुद्ध न येता दुसरी लागली तर १०८.

तपासण्यांत दोन ठिकाणी गडबड होते. एक, ईईजी (मेंदूतल्या विजेची नोंद) नॉर्मल आला म्हणून फिट नाहीच असं धरलं जातं. एका साध्या ईईजीत निम्म्याच्या आसपास रुग्ण सापडतात. रात्री कमी झोपवून, झोपेतला ईईजी केला तर प्रमाण वाढतं. दोन, साधा एमआरआय काढला जातो. चिठ्ठीवर 'एपिलेप्सी प्रोटोकॉल' लिहून घ्या. हिप्पोकॅम्पसच्या लांबीला काटकोनात बारीक काप घेतले तरच तो एका बाजूला आकसलेला आणि फ्लेअर नावाच्या एमआरआय चित्रात पांढरट झालेला दिसतो. बाकी कारणंही असतात: जुना व्रण, गाठ, टेपवर्मच्या अळीची पुटकुळी. हेही एमआरआयवर कळतं.

गोळी एक वेळ चुकली तरी फिट येऊ शकते. लेव्हेटिरासिटॅमने काहींचा स्वभाव चिडका होतो, कार्बामॅझेपिनने अंगावर पुरळ येऊ शकतं. दोन्ही वेळा स्वतःहून गोळी बंद करायची नाही, पण पुरळ दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरला गाठायचं. नीट निवडलेली, पुऱ्या मात्रेत घेतलेली दोन औषधं हरली तर शस्त्रक्रियेचा विचार व्हावा. कॅनडात ८० रुग्णांवर झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका वर्षानंतर शुद्ध हरपणाऱ्या फिटपासून मुक्त असलेले लोक शस्त्रक्रियेच्या गटात ५८ टक्के आणि नुसत्या औषधांच्या गटात ८ टक्के होते. बेंगळुरूचं निम्हान्स आणि तिरुवनंतपुरमची श्रीचित्रा संस्था इथे हे काम होतं. एच. एम.सारखं होत नाही, कारण आता एकाच बाजूचा भाग काढतात आणि दुसरी बाजू धड आहे याची आधी खात्री करतात.

आणि विहिरीवर, मलप्रभेत, घटप्रभेत एकट्याने उतरायचं नाही. चुलीपाशी एकटं बसायचं नाही.

---

हिंडलग्याचा_अण्णा

मी सगळं वाचलो. भारी लिहिलासा की. एकच विचारतो. म्हातारी माणसं सकाळी काय खाल्ली ते विसरत्यात आणि पन्नास वर्षांमागचं लग्नातलं जेवण पदार्थासकट सांगत्यात, ते कसं काय?

---

शहापूरची_अक्का

अण्णा, नवीन घटना पक्की व्हायला हिप्पोकॅम्पस लागतो. जुन्या, पुन्हापुन्हा सांगितलेल्या गोष्टी तोपर्यंत बाह्यस्तरात पसरून बसलेल्या असतात. अल्झायमरमध्ये पेशींतली बिघाडाची गाठोडी आधी एन्टोरायनल कॉर्टेक्समध्ये, म्हणजे हिप्पोकॅम्पसच्या उंबऱ्यावर दिसतात, मग आत शिरतात. म्हणून आवक बंद आणि जुनं शिल्लक शाबूत. पुढे तीही जाते.

याच उंबऱ्यावर जागेचा नकाशाही असतो. जॉन ओकीफ यांना १९७१ मध्ये उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये ठराविक जागी आल्यावरच चेतणाऱ्या पेशी सापडल्या. मोझर दांपत्याला २००५ मध्ये एन्टोरायनलमध्ये जाळीसारखी जागा मोजणाऱ्या पेशी सापडल्या. तिघांना २०१४ चं नोबेल. आपल्या घरांत याचा अर्थ असा: गावाकडच्या घरात बऱ्यापैकी वावरणारी आजी बेळगावातल्या फ्लॅटमध्ये आणली की आठवड्यात 'खूपच बिघडली' असं वाटतं. बिघाड आधीपासून असतो, जुना नकाशा तो झाकत असतो. हलवावंच लागलं तर तिचा पलंग, समई, गोधडी सोबत आणा, पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर मंद दिवा, संडासाचं दार उघडं किंवा भडक रंगाचं, आणि महिन्या-महिन्याला मुलांच्या घरी पाळी लावणं बंद.

'आत्ताच सांगितलं ना!' हे वाक्य घरातून हद्दपार करा. हिप्पोकॅम्पस गेलेल्या रुग्णांना दुःखी चित्रफिती दाखवून २०१० मध्ये झालेला एक प्रयोग आहे. काय पाहिलं ते ते विसरले, उदासी मात्र उरली. तुम्ही रागावला हे आजी पाच मिनिटांत विसरेल आणि कारण न कळता संध्याकाळभर रडवेली राहील. तोच प्रश्न आला की तेच छोटं उत्तर, त्याच सुरात, मग हातात काम: शेंगा सोलायला, वाती वळायला.

अल्झायमर म्हणण्याआधी बी-१२, थायरॉइड, ऐकू येतं का, नैराश्य आहे का आणि गोळ्यांची पिशवी हे तपासून घ्या. सर्दीच्या, खाजेच्या, झोपेच्या जुन्या गोळ्यांतल्या कित्येक स्मृती गढूळ करतात. आणि गोंधळ दोन-तीन दिवसांत अचानक सुरू झाला असेल तर तो डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) नाही असं धरून दवाखान्यात जा. लघवीचा संसर्ग, सोडियम उतरणं, ही कारणं बरी होणारी आहेत.

---

चिकोडी_नाका

पेपेझच्या वळशातल्या मॅमिलरी बॉडीचं पुढे काही आलं नाही. आपल्या भागात तिची वाट लावते दारू.

रोज पिणाऱ्याचं जेवण तुटतं, आतड्यातून थायमिन म्हणजे बी-१ नीट शोषलं जात नाही, आणि शरीरातला साठा काही आठवड्यांपुरताच असतो. तो संपला की मॅमिलरी बॉडी आणि थॅलॅमसचा आतला भाग पहिल्यांदा मार खातो. चाल फेंगडी, डोळे नीट फिरत नाहीत, बोलण्यात गोंधळ. पुस्तकात ही तिन्ही लक्षणं एकत्र सांगतात. प्रत्यक्षात फार थोड्यांत तिन्ही दिसतात, आणि 'पिऊन पडलाय' म्हणून सोडून देतात. वेळेत थायमिन शिरेतून गेलं तर सावरतो, नाहीतर आठवणीचं कायमचं नुकसान. मग तो रिकाम्या जागा आपोआप भरू लागतो: काल कुठे होतास विचारलं तर घरीच पडून असलेला माणूस सौंदत्तीच्या यात्रेचं साग्रसंगीत वर्णन करतो. तो खोटं बोलत नसतो.

दोन सूचना. उपाशी, पिणाऱ्या माणसाला 'अशक्तपणा' म्हणून नुसती ग्लुकोजची बाटली चढवली तर उरलंसुरलं थायमिन खर्चून तो बिघडू शकतो. सोबत किंवा आधी थायमिन मागा. साखर फारच उतरलेली असेल तर मात्र ग्लुकोज अडवायचं नाही. दुसरं, रोज भरपूर पिणाऱ्याने देवाची शपथ घेऊन एका दिवसात घरीच दारू तोडू नये. पहिल्या ६ ते ४८ तासांत फिट, दोन ते चार दिवसांत भास, ताप, थरकाप. यात माणसं दगावतात. धारवाडला मानसिक आरोग्य संस्था आहे, बेळगावातच सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे. फोनवर विचारायचं तर टेलि-मानस १४४१६.

---

निपाणी_बसस्टँड

दारूवर आलाच आहात तर तंबाखू कशी सुटेल? निपाणीचं नाव निघणारच.

बिडीच्या धुरातलं निकोटिन १० ते २० सेकंदांत मेंदूत पोचतं. मध्यमेंदूतल्या डोपामिन (चटक लावणारं रसायन) सोडणाऱ्या पेशींना चेतवतं आणि न्यूक्लियस अॅक्युम्बन्स या मेंदूतल्या भागात ते सुटतं. चघळायच्या तंबाखूत काम हळू होतं, म्हणून चुना. चुन्याने तोंडात अल्कली वाढते, निकोटिन गालाच्या त्वचेतून सहज पार होतं. चुना 'पचायला' लावतात हा गैरसमज.

शुल्ट्झ या संशोधकाने माकडांवर दाखवलं की शिकून झाल्यावर डोपामिन बक्षिसाला नाही, बक्षिसाच्या इशाऱ्याला उसळतं. म्हणून सोडलेल्या माणसाला तलफ चहाच्या कपाने येते, सकाळी संडासाला जाताना येते, एसटीच्या थांब्यावर येते. तंबाखू तोंडात घेतल्यावर आनंद पूर्वीइतका होतोच असं नाही. हवं-हवंसं वाटणं आणि आवडणं यांच्या वाटा मेंदूत वेगळ्या आहेत. 'आता मजा येत नाही तरी सुटत नाही' असं लोक म्हणतात ते शास्त्राला धरून आहे.

रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. चिडचिड, झोपमोड, भूक, एकाग्रता न होणं हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला, पहिला आठवडा वाईट, दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. इशाऱ्याने उठणारी तलफ महिन्यांनीही येते, पण एकेक तलफ काही मिनिटांचीच. म्हणून पहिल्या महिन्यात इशारेच बदला: चहाची जागा, चहाची वेळ, संडासाला जाण्याआधी गार पाणी, पानपट्टीवरून न जाणारा रस्ता.

निकोटिनची गोळी, म्हणजे गम, दुकानातून नेतात आणि आठ दिवसांत 'उपयोग नाही' म्हणून फेकतात. कारण ती बबलगमसारखी चावली जाते. पद्धत अशी: सावकाश चावा, तिखट झिणझिण आली की थांबा आणि गाल-हिरडीच्या मध्ये ठेवा. झिणझिण गेली की पुन्हा चावा. साधारण ३० मिनिटं. भराभर चावलं तर निकोटिन पोटात जातं, यकृत ते वाया घालवतं, आणि पदरी उचकी व जळजळ. चहा, कॉफी, लिंबूपाण्याने तोंड आंबट होतं आणि शोषण मरतं, तेव्हा आधीची १५ मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत काही प्यायचं नाही. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत तलफ लागणाऱ्याला ४ मिलिग्रॅम, बाकीच्यांना २. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दोन-चार तासांनी, शेवटचे तीन चार-आठ तासांनी. बहुतेक जण पहिल्या सहा आठवड्यांत कंजूषपणा करतात आणि तिथेच घसरतात. गरोदर बाई, नुकताच हृदयविकार झालेला माणूस: डॉक्टरला विचारूनच. तंबाखू सोडण्याची मोफत राष्ट्रीय मदतवाहिनी १८००-११-२३५६.

जाताजाता, तंबाखूच्या तोडणीवर जाणाऱ्यांसाठी: दवाने किंवा पावसाने ओल्या पानांतून निकोटिन कातडीवाटे आत जातं. मळमळ, उलटी, चक्कर, डोकं ठणकणं. लोक उन्हाला दोष देतात. पूर्ण बाह्या, हातमोजे, भिजलेले कपडे लगेच बदलणं, आणि जमेल तिथे पान सुकल्यावर हात लावणं.

---

जांबोटी_घाट

शाळेचा भाग मी घेतो. भावनेने आठवण पक्की होते हे खरं. ताणाच्या क्षणी नॉरअॅड्रेनॅलिन हे रसायन अमिग्डालाला आणि अमिग्डाला हिप्पोकॅम्पसला 'हे जप' म्हणतो. १९९४ च्या एका प्रयोगात गोष्टीतला हृदयद्रावक भाग लोकांना जास्त आठवला, पण आधी प्रोप्रॅनोलॉल (नॉरअॅड्रेनॅलिनचा परिणाम अडवणारं औषध) दिलेल्यांना ती जादा आठवण राहिली नाही. पण जपलं जातं ते प्रसंगाचं मर्म. फळ्यावर उभं करून ओरडलेल्या मुलाला ओरडणारा चेहरा आठवतो, त्या दिवसाचा वर्गसमीकरणाचा नियम नाही.

परीक्षेत गोष्ट उलटी होते. शिकताना थोडा ताण पथ्यावर पडतो, आठवताना कॉर्टिसॉल आड येतं. लोकांना परीक्षेच्या तासभर आधी कॉर्टिसोनची गोळी देऊन हे दाखवलेलं आहे. आदल्या दिवशी पाठ केलेले शब्द तेव्हा कमी आठवले. म्हणून एसएसएलसीच्या (कर्नाटकातल्या दहावीच्या) सकाळी फाटकासमोर पुस्तक उघडून एकमेकांना 'हे वाचलास का' विचारायचं बंद. आत गेल्यावर श्वास सोडणं लांबवा, मिनिटाला सहाएक श्वास, तीन मिनिटं. सराव परीक्षा त्याच हॉलमध्ये, घड्याळ लावून घ्या, म्हणजे जागा आणि घंटा धोक्याची वाटत नाही.

अभ्यासाला पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून लिहिणं सरस. आज धडा, उद्या न बघता लिहा, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. आणि झोप. गाढ झोपेत हिप्पोकॅम्पस दिवसाचं पुन्हा चाळवतो. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास लागतात. रात्री एकपर्यंत जागवून पहाटे चारला उठवणारे पालक अभ्यास पुसतात.

कुणी प्रोप्रॅनोलॉल 'परीक्षेची गोळी' म्हणून मुलांना देऊ नये. दमा असलेल्याला ती जिवावर बेतू शकते.

---

मार्कंडेय_काठ

पौगंडावस्थेवर दोन ओळी हव्यात. 'मेंदूचा ब्रेक २५ व्या वर्षी तयार होतो' हे सगळीकडे लिहिलेलं असतं, घालावं का?

---

आकडी_वही

नको. कपाळामागच्या बाह्यस्तरात विशीतही बदल चालू असतात हे खरं, पण २५ ला कुलूप लागत नाही. पंधरा वर्षांचं मूल शांत बसून विचार करताना बऱ्यापैकी मोठ्यांसारखं ठरवतं. मित्र बघत असले, राग आलेला असला की घसरतं. तेव्हा उपदेश भांडणाच्या क्षणी वाया जातो, रात्री जेवल्यावर लागू पडतो. तसंच 'अमिग्डाला हायजॅक', म्हणजे रागाच्या क्षणी अमिग्डाला मेंदूचा ताबा घेतो ही कल्पना, वगळा. स्कॅनमध्ये अमिग्डाला नवीन चेहऱ्याने, आवडत्या खाण्याने, आनंदानेही उजळतो. उजळला म्हणजे भीती असं उलट वाचता येत नाही.

---

शहापूरची_अक्का

टिपणात एक आपल्याच भागाचा मुद्दा हवा: भाषा. घरात मराठी, बाजारात कानडी-मराठी मिसळ, कॉलेजात इंग्लिश. तुर्की मातृभाषेच्या, नंतर इंग्लिश शिकलेल्या लोकांवर २००३ मध्ये प्रयोग झाला. भावनिक शब्द ऐकताना तळहाताच्या घामातून कातडीची वीजवाहकता मोजली. मातृभाषेत ती जास्त उसळली, सगळ्यात ठळक लहानपणी ऐकलेल्या रागावण्याच्या वाक्यांना. ती वाक्यं अमिग्डाला तापलेला असताना शिकलेली असतात, पुढची भाषा वहीवरून येते.

व्यवहारात: मुलाला समुपदेशकाकडे नेताना तो घरात ज्या भाषेत रडतो ती भाषा येणारा शोधा. उलटपक्षी, मारहाणीसारखं फार जड काही सांगायचं असेल तर काही जण दुसऱ्या भाषेत आधी सांगू शकतात, तिथे अडवू नका. डिमेन्शियात नंतर शिकलेली भाषा बहुधा आधी निसटते. आयुष्यभर कचेरीत कानडी बोललेले आजोबा दवाखान्यात नर्सच्या कानडी प्रश्नाला गप्प बसतात, आणि कागदावर 'प्रतिसाद नाही' पडतं. केसपेपरवर घरची भाषा मोठ्या अक्षरात लिहून घ्या.

---

हिंडलग्याचा_अण्णा

हे बरोबर. बोर्डावरची भाषा कुठली ते भांडणं वेगळं, केसपेपरवरचं हे वेगळं.

---

संचालक

बोर्डाचा विषय इथे नको. त्यासाठी दुसरा धागा आहे, गेली कित्येक वर्षं चालूच आहे.

---

भेजा_मास्तर

नुसत्या आकृत्यांनी शिक्षकांना काही दिसत नाही. मटणाच्या दुकानातून शेळीचा मेंदू आणा. १०० ते १३० ग्रॅम भरतो, माणसाचा १३०० ते १४००. आदल्या दिवशी सांगून ठेवा, नाहीतर खाटीक सवयीने कवटीवर सत्तूर घालतो आणि हातात चुरा येतो. वरचं आवरण आणि बुडखा (मेंदूचा देठ) तसाच हवा.

ताजा मेंदू मऊ लोण्यासारखा असतो, कापता येत नाही. बाजारातलं फॉर्मॅलिन (मेंदू घट्ट करून टिकवणारा विषारी द्राव) १ भाग, पाणी ९ भाग, एकूण दीड लिटर. मेंदूच्या खालच्या अंगाच्या धमनीखालून दोरा ओवून तो बादलीत लोंबता ठेवा. तळाला टेकला तर एक बाजू चपटी होते आणि नेमके टेम्पोरल भाग बिघडतात. दोन दिवसांनी द्राव बदला, एकूण दोन आठवडे. हे काम उघड्या पडवीत, हातमोजे आणि चष्मा लावून, मुलांविना. दाखवायच्या आदल्या दिवशी वाहत्या पाण्यात धुऊन रात्रभर भिजत ठेवा.

आधी उलटा करा. पुढे दोन भलेमोठे गंधकंद दिसतील. माणसात ते काडीएवढे. त्यांच्या मागे बाजूला फुगलेला, वासाचा पिरिफॉर्म भाग. गंधाची वाट थॅलॅमसला न विचारता थेट अमिग्डाला आणि एन्टोरायनलकडे जाते, ते इथे बोटाने दाखवता येतं. गुऱ्हाळाच्या वासाने बालपण का उभं राहतं, हे वेगळं सांगावं लागत नाही. दृष्टिचेतांच्या फुलीमागे (डोळ्यांकडून येणाऱ्या नसा एकमेकींना छेदतात तिथे) पिट्युटरी ग्रंथीचा देठ, त्यामागे मॅमिलरी बॉडी. शेळी-मेंढीत ती एकच गोळी दिसते, माणसात दोन. शिक्षक हमखास दुसरी शोधत बसतात.

मग लांब सुरीने एकाच ओढीत मधोमध काप. करवतीसारखं पुढेमागे केलं की फॉर्निक्स फाटतो. कापलेल्या बाजूवर पांढरा कॉर्पस कॅलोसम (मेंदूचे दोन अर्ध जोडणारा पट्टा), त्याच्या वरची वळी सिंग्युलेट, खालची बारीक कमान फॉर्निक्स. आता मागच्या बाजूने वरचा बाह्यस्तर अंगठ्याने हळू उचला. आत पोकळी लागेल आणि तिच्यात थॅलॅमसवर पाठ टेकून वळलेला गुळगुळीत पांढरा हिप्पोकॅम्पस. माणसात तो खाली टेम्पोरल भागात सरकलेला असतो, चार-पाच सेंटिमीटर लांब, हे तोंडी सांगा. अमिग्डाला मात्र असा सुटा दिसत नाही. पिरिफॉर्म भागातून, दृष्टिचेतांच्या फुलीच्या जरा मागून, आडवा काप घ्या. करडा गोळा दिसेल, कडा पुसट असतात, त्यावर टाचणी टोचून चिठ्ठी लावा.

---

मार्कंडेय_काठ

हे तसंच्या तसं घालतो. भेजा_मास्तर, उरलेलं फॉर्मॅलिन कुठे टाकायचं? शाळेला प्रयोगशाळाच नाही.

---

भेजा_मास्तर

मोरीत, गटारात, विहिरीजवळ नको. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक कॅनमध्ये भरा, वर मराठी आणि कानडी दोन्हीत 'विष' लिहा, आणि ज्या वैद्यकीय किंवा पशुवैद्यकीय कॉलेजच्या शरीररचना विभागात जैव-वैद्यकीय कचरा उचलायला गाडी येते तिथे आधी फोन करून द्या. मेंदूचे तुकडेही त्याच कॅनमध्ये. कुत्र्याला टाकू नका आणि घरी नेऊन तव्यावर तर मुळीच नको, धुतला तरी त्यात फॉर्मॅलिन राहतं. शाळेत द्राव हाताळायचा नसेल तर त्याच विभागाकडून मुरवलेला, धुतलेला मेंदू दिवसापुरता मागून आणा. पत्र मुख्याध्यापकांच्या सहीने द्या, आणि ताट, सुरी, टाचण्या आपल्या न्या.